वासितची तिरपी भिंत

इराकमध्ये कूफा आणि बसरा या दोन जुन्या छावणी-शहरांच्या मधोमध, तैग्रिसच्या सोडून दिलेल्या पात्राकाठी, वासितचे अवशेष आहेत. ‘वासित’ म्हणजेच ‘मधले’. १९३६ ते १९४२ या काळात इराकच्या पुरातत्त्व खात्याने तिथे सहा हंगाम उत्खनन केले आणि फुआद सफर यांनी १९४५ साली त्याचा अहवाल छापला. मातीखाली एकावर एक मशिदी निघाल्या. त्यात नवल काही नव्हते, जुन्या जोत्यावर नवे बांधकाम जगभर होते. नवल होते कोनाचे. सर्वांत खालची मशीद वरच्या मशिदीशी समांतर नव्हती, ती तिरपी पडली होती. दोन्हींच्या दिशांत सुमारे ३३-३४ अंशांचा फरक होता.

घड्याळाचा तासकाटा तासाभरात ३० अंश सरकतो, त्यापेक्षा हे थोडे जास्तच. मशीद मक्केकडे, तिथल्या काबा या पवित्र वास्तूकडे, तोंड करून बांधायची असते; त्या दिशेला किबला म्हणतात. वासितहून मक्का साधारण १,३५० किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरात ३३ अंश चुकले, तर रेघ मक्केला सातशे किलोमीटरहून अधिक अंतराने वळसा घालून जाते. गवंड्याची दोरी सैल होती म्हणून इतके चुकत नाही. आणि ही कुठल्या आडगावची मशीदही नव्हती. साधारण शंभर मीटर लांब-रुंद अशी ही राजधानीची जामा मशीद, आणि तिच्या किबल्याच्या भिंतीला लागून सुभेदाराचा वाडा.

तो सुभेदार कोण, हे कळल्यावर कोडे आणखी अवघड होते. वासित वसवले हज्जाज इब्न यूसुफने, इ.स. ७०२ च्या पुढच्या तीनेक वर्षांत. इराकी फौजांचे मोठे बंड नुकतेच मोडलेले, त्यामुळे कूफा-बसऱ्यातल्या लोकांवर भरवसा उरला नव्हता. आपल्या सीरियन शिपायांसाठी त्याने वेगळे शहरच उभारले. हा हज्जाज मूळचा ताइफचा, म्हणजे मक्केच्या शेजारच्या डोंगरी गावचा. ६९२ साली खलिफा अब्द अल-मलिकच्या हुकमावरून त्याने मक्केला वेढा घातला, गोफणयंत्रांतून दगडांचा मारा केला, प्रतिखलिफा अब्दुल्ला इब्न झुबैर मारला गेला. नंतर इब्न झुबैरने वाढवलेली काब्याची इमारत याच हज्जाजने पाडून पुन्हा जुन्या मापात बसवली. निदान मुस्लिम इतिहासकार असे सांगतात. ज्याने काब्याचे दगड स्वतः उभे राहून रचून घेतले, त्याने दहा वर्षांनी बांधलेली मशीद मक्केकडे पाहत नाही. मग ती कुठे पाहते?

या प्रश्नाला गेल्या अर्धशतकात तीन निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

पहिले उत्तर १९७७ चे. पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक हे तेव्हाचे दोन तरुण अभ्यासक. ‘हॅगॅरिझम’ या पुस्तकात त्यांनी ठरवले की इस्लामच्या आरंभाचा इतिहास मुस्लिम परंपरेतल्या ग्रंथांवरून लिहायचाच नाही, कारण ते ग्रंथ दीड-दोनशे वर्षांनंतरचे आहेत. त्याऐवजी समकालीन सीरियाक, ग्रीक, आर्मेनियन मजकूर घ्यायचा आणि जमिनीतून निघालेले पुरावे घ्यायचे. वासितची भिंत त्यांना आयतीच सापडली. ती मक्केच्या दिशेपेक्षा ३३ अंश उत्तरेकडे झुकलेली आहे, बगदादजवळच्या इस्काफ बनी जुनैदची मशीद ३० अंश झुकलेली आहे, असे त्यांनी मांडले. इजिप्तमध्ये फुस्तातला, म्हणजे आजच्या कैरोत, अम्र इब्न अल-आसने ६४१-४२ साली बांधलेली मशीद तर फारच पूर्वेकडे वळलेली होती आणि पुढे कुर्रा इब्न शरीक या सुभेदाराने ती दुरुस्त केली, असे अरबी ग्रंथच सांगतात. इराकमधून पाहिले तर पश्चिमेकडे जास्त, इजिप्तमधून पाहिले तर पूर्वेकडे जास्त. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना भेटतील, ती जागा मक्केच्या बरीच उत्तरेला येते. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की मूळ पवित्र स्थान वायव्य अरबस्तानात कुठेतरी असावे. कुठे, ते नेमके सांगितले नाही. पुढे दोघांनीही त्या पुस्तकाच्या एकूण मांडणीपासून अंतर घेतले, पण तिरप्या भिंतींचा प्रश्न एकदा विचारला गेला तो गेलाच.

दुसऱ्या उत्तराने त्या ‘कुठेतरी’ला नाव दिले. कॅनेडियन लेखक डॅन गिब्सन यांनी २०११ आणि २०१७ साली पुस्तके काढून सांगितले की ते स्थान म्हणजे आजच्या जॉर्डनमधले पेट्रा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इस्लामच्या पहिल्या शतकातल्या मशिदी पेट्राकडे तोंड करून आहेत. इब्न झुबैरच्या बंडात, ६८३ च्या सुमारास, काब्यातला पवित्र काळा दगड पेट्राहून मक्केला हलवला गेला. मग काही काळ लोक गोंधळले आणि काही मशिदी पेट्रा व मक्का यांच्या मधल्या दिशेला बांधल्या गेल्या. सर्वांत शेवटी सगळे मक्केकडे वळले. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या मशिदी यांतल्या कशातच बसेनात, तेव्हा त्यांच्यासाठी चौथा प्रकार निघाला: पेट्रा ते मक्का या रेघेला समांतर.

इथे थांबून थोडे गणित करू. अक्षांश-रेखांश आणि गोलावरची त्रिकोणमिती एवढ्यावर हे भागते, कोणीही ताडून पाहावे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजायची. म्हणजे पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावरची सरळ रेघ इथे चालत नाही. मुंबईचेच बघा. मक्का मुंबईच्या पश्चिमेला, अक्षांशाने जेमतेम अडीच अंश उत्तरेला. तरी मुंबईहून मक्केची गणिती दिशा २८० निघते, म्हणजे पश्चिमेच्या दहा अंश उत्तरेला.

वासितहून मक्का येते २१० अंशांवर. पेट्रा येते २६१-६२ वर. जेरुसलेम जवळजवळ बरोबर पश्चिमेला, २७० वर. आता क्रोन-कुक यांचा ३३ चा आकडा मक्केच्या दिशेत मिळवला तर होतात २४३. पेट्रा तिथून अठरा-एकोणीस अंश लांब आहे आणि जेरुसलेम सत्तावीस. ‘पेट्राकडे तोंड’ म्हणायचे तर ही भिंत तिथेही चुकलेलीच आहे. ‘मधली दिशा’ म्हणायची तर २१० आणि २६२ यांचा मध्य २३६, तो बराच जवळचा वाटतो. मात्र ३३ हा आकडा खऱ्या मक्केपासून मोजायचा की वरच्या मशिदीपासून, यावर उत्तर आणखी थोडे इकडे-तिकडे सरकते. एका भिंतीवरून चार-पाच अंशांचे वाद सोडवता येत नाहीत आणि या वादातली निम्मी भांडणे नेमकी तेवढ्याच अंशांची आहेत.

२४३ हा आकडा मात्र लक्षात ठेवायचा. कारण वासितच्या अक्षांशावर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, आपण ज्याला उत्तरायणाचा आरंभ म्हणतो त्या दिवशी, सूर्य मावळतो तो क्षितिजावर सुमारे २४२ अंशांवर.

तिसरे उत्तर इथून सुरू होते. ते आहे डेव्हिड किंग यांचे. मध्ययुगीन इस्लामी खगोलशास्त्राच्या हस्तलिखितांत या माणसाने आयुष्य घातले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही ज्या प्रकाराने दिशा मोजता, तो प्रकार इ.स. ७०० मध्ये नव्हताच. दोन गावांच्या अक्षांश-रेखांशांवरून किबला काढायचे गणित मुस्लिम जगात आले नवव्या शतकात, बगदादला, खलिफा मामूनच्या (८१३-८३३) काळात. त्यातही रेखांश हे सगळ्यांत मोठे दुखणे होते. दोन शहरांतून एकच चंद्रग्रहण पाहायचे, वेळेतला फरक नोंदवायचा आणि त्यावरून रेखांशातला फरक काढायचा, एवढाच खात्रीचा उपाय. अल-बिरूनीने १०२५ साली गझनीचा किबला काढण्यासाठी एक अख्खा ग्रंथ लिहिला, यावरून ते काम किती किचकट होते हे कळावे. हज्जाजच्या गवंड्यांपाशी यातले काही नव्हते. त्यांच्यापाशी सूर्य होता, तारे होते, वारे होते.

आणि काबा स्वतः या गोष्टींशी बांधलेला होता. १९८२ साली जेराल्ड हॉकिन्स यांच्याबरोबर किंग यांनी दाखवले की काब्याचा लांब अक्ष सुहैल ताऱ्याच्या उदयाकडे रोखलेला आहे, तर आखूड अक्ष एका टोकाला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. पावसाळा सरला की दक्षिणेला खाली दिसू लागतो तोच. मध्ययुगीन अरबी ग्रंथांत काब्याच्या एकेका भिंतीला, कोपऱ्याला एकेक प्रदेश वाटून दिलेला आढळतो. इराकच्या वाट्याला आली दाराची, ईशान्येची भिंत. त्या भिंतीसमोर उभे राहिले की माणसाचे तोंड हिवाळी सूर्यास्ताकडे होते. मग इराकमध्ये, हजार मैलांवरही, नमाजाला उभे राहायचे ते ‘जणू त्या भिंतीसमोर उभा आहे’ असे. गावाचे टोक ते गावाचे टोक अशी रेघ कोणी ओढत नव्हते. ते काब्याशी आपले अंग समांतर करत होते. या हिशेबाने वासितच्या भिंतीत चूक राहतच नाही.

फुस्तातलाही हेच लागू पडते. अम्रच्या मशिदीचा ‘सहाबांचा’, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांचा, ‘किबला’ पूर्वेच्या २७ अंश दक्षिणेला, म्हणजे ११७, आणि ती हिवाळी सूर्योदयाची दिशा आहे. पुढे खगोलशास्त्र्यांनी पूर्वेच्या ३७ अंश दक्षिणेला, १२७, अशी दिशा काढली. आजच्या गणिताने ती १३६ येते. म्हणजे कैरोतले शास्त्री सहाबांपेक्षा खऱ्या मक्केच्या जवळ आले खरे, पण पोचले नाहीत, कारण त्यांचे रेखांश कच्चे होते. पंधराव्या शतकात मक्रीझी या इजिप्तच्या इतिहासकाराने इजिप्तच्या मशिदींच्या या बेबनावावर सविस्तर लिहिले. वाद आजचा नाही.

मला किंग यांचे म्हणणे बाकी दोघांपेक्षा अधिक पटते. पण त्यातली फट लपवण्यात अर्थ नाही. भिंती वाटून देणारे ते ग्रंथ नवव्या शतकाच्या आधीचे नाहीत. ७०२ साली इराकी गवंडी याच पद्धतीने विचार करत होता, हे आपण मागे वाचून नेतो. शिवाय ही पद्धत सोयीपुरती लवचिक आहे. सूर्योदय दोन, सूर्यास्त दोन, मध्ये सरळ पूर्व-पश्चिम, दक्षिण, अगस्त्याचा उदय, वर काटकोनातल्या दिशा. इतके पर्याय हाताशी असले की कुठलीही भिंत कशाच्या तरी जवळ जातेच. गिब्सन यांनी चार प्रकार केले म्हणून त्यांना हसायचे, तर किंग यांच्या प्रकारांची संख्याही मोजावी लागेल. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की किंग यांचे प्रकार प्रदेशाशी बांधलेले आहेत. इराकने कुठे पाहावे, इजिप्तने कुठे, हे आधी लिहिलेले आहे आणि मशीद नंतर मोजायची आहे. गिब्सन यांचा प्रकार भिंत मोजून झाल्यावर ठरतो. किंग यांनी त्यांच्या सिद्धान्ताला चेष्टेने ‘पिब्ला’, म्हणजे पेट्राचा किबला, असे नाव ठेवले. विद्वान चिडले की असे करतात.

पेट्राच्या बाजूने बोलणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे. पेट्रा हे काही हरवलेले गाव नव्हे, तिथे खणलेले आहे. १९९३ साली तिथल्या चर्चमध्ये सहाव्या शतकातल्या जळक्या पपायरसांचा साठा सापडला. त्यात जमिनीचे, वारशाचे, कर्जाचे व्यवहार आहेत, गाव ख्रिस्ती आहे, कारभार ग्रीकमध्ये आहे. पुढच्या शतकात अख्ख्या अरबस्तानाने तोंड वळवावे असे कुठले देवस्थान तिथे होते, त्याचा दगड अजून कोणी दाखवलेला नाही. आणि मदिनेहून पाहिले तर जेरुसलेम आणि पेट्रा यांच्या दिशांत फरक जेमतेम साडेचार अंशांचा. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात किबला बदलल्याचा उल्लेख आहे. परंपरा सांगते की मदिनेत आल्यावर सोळा-सतरा महिने जेरुसलेमकडे तोंड होते, मग ६२४ साली ते काब्याकडे वळले. मदिनेतला एखादा जुना पाया उद्या उत्तरेकडे वळलेला निघाला, तरी तो पेट्राचा साक्षीदार की जेरुसलेमचा, हे कोनावरून ओळखता येणार नाही.

या सगळ्या भिंतींपेक्षा मला एक पत्र जास्त मोलाचे वाटते. एडेसाचा याकोब हा सीरियाक चर्चचा बिशप, ७०८ साली वारला, म्हणजे हज्जाज आणि वासित यांचा थेट समकालीन. तरुणपणी तो अलेक्झांड्रियाला शिकला होता. स्तंभवासी योहानला लिहिलेल्या पत्रात तो ज्यू आणि ‘महग्राये’, म्हणजे मुसलमान, कुठल्या दिशेला प्रार्थना करतात हे समजावतो. इजिप्तमध्ये आपण स्वतः पाहिले, तो म्हणतो, दोघेही पूर्वेकडे तोंड करतात, ज्यू जेरुसलेमकडे आणि महग्राये काब्याकडे. बाबिलोनियात, म्हणजे इराकमध्ये, दोघेही पश्चिमेकडे करतात. काब्याच्या दक्षिणेला राहणारे उत्तरेकडे. सीरियातले लोक दक्षिणेकडे तोंड करतात ते दक्षिण दिशेसाठी नव्हे, त्या जागेसाठी.

क्रोन आणि कुक यांनी हेच पत्र आपल्या बाजूने वापरले: इजिप्तहून पूर्व आणि इराकहून पश्चिम, म्हणजे स्थान उत्तरेला. पण याकोब कोनमापक घेऊन बसलेला नाही. त्याच्याकडे चारच शब्द आहेत, आणि २४३ अंशांना त्या चार शब्दांतला कुठला शब्द लावायचा म्हटला तर ‘पश्चिम’ हाच येतो. अजून एक गोष्ट. तो जेरुसलेम आणि काबा यांची गल्लत करत नाही, काब्याला नावाने ओळखतो, आणि ज्यूंच्या व मुसलमानांच्या दिशा इराक-इजिप्तमधून पाहताना सारख्याच भासतात हे त्याला ठाऊक आहे. मात्र ‘मक्का’ हा शब्द त्या पत्रात नाही, तिथे फक्त काबा आहे. संशय घेणाऱ्याला तेवढी जागा उरते.

वासितच्या भिंतीकडे एकटी भिंत म्हणून पाहिले की ती विक्षिप्त वाटते. बाकीच्या मशिदी शेजारी ठेवल्या की तशी राहत नाही. दमास्कसची मोठी मशीद जुन्या देवळाच्या आवारात बसवलेली, म्हणून ती त्या आवाराबरोबर सरळ दक्षिणेकडे पाहते, मक्का तिथून पंधरा अंश पूर्वेला असली तरी. स्पेनमधल्या कोर्डोव्याची मशीद ७८५ च्या सुमारास सुरू झाली. मक्का तिथून साधारण १०० अंशांवर, आणि मशीद १५० च्या आसपास, म्हणजे वासितपेक्षा मोठी ‘चूक’. दहाव्या शतकात तिथल्या दुसऱ्या हकम या खलिफाने तिचा विस्तार करायला घेतला, तेव्हा शास्त्र्यांनी दिशा दुरुस्त करायचे सुचवले. लोकांनी ऐकले नाही, बापजाद्यांनी जिकडे तोंड केले तिकडेच आम्ही करणार म्हणाले, आणि विस्तार जुन्याच दिशेने झाला. मराकेशला कुतुबिया मशीद एकदा बांधली, मग शेजारी दुसरी बांधली, आणि दुसरी खऱ्या मक्केपासून पहिलीपेक्षाही काही अंश दूर वळली. समरकंदची गोष्ट सगळ्यांत मजेदार. अकराव्या शतकात हनफी लोक सरळ पश्चिमेकडे तोंड करत, कारण मक्केची वाट गावातून पश्चिमेला निघे. शाफिई सरळ दक्षिणेकडे करत, कारण पैगंबर मदिनेत दक्षिणेकडे करत. एका गावात दोन पंथांत नव्वद अंशांचे अंतर. तिथे कोणी दोन वेगवेगळ्या मक्का शोधत नाही.

‘पूर्व आणि पश्चिम यांच्या मध्ये आहे तो किबला’ असे एक वचन पैगंबरांच्या नावावर आहे. मदिनेसाठी म्हटलेले, म्हणजे सगळी दक्षिण बाजू. फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, पुढे यावरून काटेकोर जागा आणि ढोबळ बाजू असा भेद केला, आणि दूरच्या माणसाला ढोबळ बाजू पुरते असे बऱ्याच जणांनी ठरवले. त्या नजरेने पाहिले तर हज्जाजची मशीद अगदी नियमात आहे.

तरी वरची मशीद बांधणाऱ्यांनी ती दिशा सोडलीच. त्यांच्या काळात बगदादचे कोष्टक हाताशी होते, आणि फारसा गाजावाजा न करता त्यांनी जुन्या जोत्यावर नवी भिंत तेहेतीस अंशांनी फिरवून उभी केली. कैरोत ११२५ साली अक्मर मशीद बांधताना असाच पेच पडला होता. रस्ता एका कोनात, किबला दुसऱ्या. त्यांनी दर्शनी भिंत रस्त्याबरोबर ठेवली, आतली मशीद वळवली, आणि मधली पाचर भिंतीच्या जाडीत मुरवली. वासितला जागा मोकळी होती, पाचर लपवायची गरज नव्हती.

वादाचा निकाल लागायचा तर इराकमध्येच लागेल. वासितच्या आधीच्या, हज्जाजच्या बापाच्या पिढीतल्या एखाद्या मशिदीचा पहिला थर हवा. तशी एक मशीद आहे, कूफ्याची. तिच्या किबल्याच्या बाजूला लागून असलेल्या सुभेदाराच्या वाड्याचे उत्खनन झालेले आहे. मशिदीत मात्र आजही रोज नमाज होते, जगभरातून यात्रेकरू येतात, आणि तिच्या फरशीखाली कोणी कुदळ घालू देणार नाही.